डिस्प्ले मॅनेजर (लिनक्स)

डिस्प्ले मॅनेजर ही लिनक्स व तत्सम संगणकप्रणालींमध्ये प्रवेशाचा चित्रमय पडदा दाखवणारी, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द स्वीकारणारी आणि पडताळणीनंतर त्याचे सत्र सुरू करून देणारी आज्ञावली आहे. तिला लॉगिन मॅनेजर असेही म्हणतात. या प्रकारातील एक्सडीएम ही आज्ञावली कीथ पॅकार्ड यांनी लिहिली व ती १९८८ मध्ये प्रसृत झाली. सध्या ग्नोमसोबत जीडीएम, केडीई प्लाझ्मासोबत एसडीडीएम आणि लिनक्स मिंटसारख्या वितरणांत लाइटडीएम प्रचलित आहे. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून लाइटडीएम स्वीकारले होते, १७.१० पासून ते पुन्हा जीडीएमकडे वळले.

बिघाडाचे स्वरूप

प्रवेशाचा पडदा बिघडला की संगणकातील सर्व काही गेले, असा नवख्या वापरकर्त्याचा समज होतो आणि तो प्रणाली नव्याने बसवू लागतो. बहुधा याची गरज नसते. वापरकर्त्याच्या फाइली 'होम' निर्देशिकेत असतात व डिस्प्ले मॅनेजर बंद पडल्याने त्यांना धक्का लागत नाही. पुनर्स्थापनेच्या घाईत चुकीचे विभाजन पुसले गेल्यास मात्र त्या खरोखरच जातात.

कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यास सामान्यतः अक्षरी कन्सोल उघडतो. तेथे त्याच नावाने व त्याच शब्दाने प्रवेश मिळाला, तर खाते व परवलीचा शब्द दोन्ही ठीक असून दोष चित्रमय भागात आहे, असे समजावे.

पुन्हा पुन्हा परतणारा पडदा

परवलीचा शब्द स्वीकारला जातो, क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा तोच प्रवेशाचा पडदा समोर येतो. हा सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार होय. येथे पडताळणी यशस्वी झालेली असते, पण सत्र सुरू होताच कोसळते.

याचे एक नेहमीचे कारण म्हणजे भरलेली डिस्क. ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत सुमारे ५ टक्के जागा मूळ प्रशासक 'रूट' याच्यासाठी राखीव असते. त्यामुळे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या सेवा तग धरतात व प्रवेशाचा पडदा दिसतो; सामान्य वापरकर्त्याच्या सत्राला मात्र एक छोटी फाइलही लिहिता येत नाही. कन्सोलवर 'डीएफ -एच' ही आज्ञा दिल्यास हे लगेच उघड होते. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात.)

दुसरे कारण फाइलींच्या मालकीचे. एखादी चित्रमय आज्ञावली 'सुडो' वापरून चालवल्यास होम निर्देशिकेतील '.एक्सऑथॉरिटी' ही फाइल रूटच्या मालकीची होऊ शकते. लाइटडीएमसारख्या व्यवस्थेत वापरकर्त्याचे सत्र मग ती वाचू वा लिहू शकत नाही. 'चाउन' या आज्ञेने मालकी परत द्यावी. '.प्रोफाइल' फाइलीत चुकून आलेली 'एक्झिट' ही ओळही सत्र सुरू होण्याआधीच संपवू शकते. नवे खाते उघडून पाहावे: त्यातून प्रवेश मिळाल्यास दोष जुन्या खात्याच्या निर्देशिकेत असण्याची शक्यता अधिक.

नाकारला जाणारा परवलीचा शब्द

मराठी वापरकर्त्यांना एक वेगळी अडचण येऊ शकते. कळफलकाच्या मांडण्यांत देवनागरी इनस्क्रिप्ट प्रथम क्रमांकावर असल्यास परवलीचा शब्द देवनागरीत उमटतो. पडद्यावर ठिपकेच दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही. प्रवेशाच्या पडद्यावरील कळफलकाचे चिन्ह आधी तपासावे.

पडदाच न येणे

काळा पडदा राहिल्यास बहुतेकदा चित्रपत्राचा चालक कारणीभूत असतो. कर्नल अद्ययावत झाल्यावर एनव्हिडियाचा चालक त्याच्याशी जुळला नाही की असे घडते. ग्रबच्या यादीतून जुने कर्नल निवडणे हा तात्पुरता, पण भरवशाचा उपाय आहे. एकाहून अधिक डिस्प्ले मॅनेजर बसवलेले असतील, तर डेबियन व उबुंटूमध्ये 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' या आज्ञेने त्यांपैकी एक निश्चित करता येतो. सिस्टिमडी वापरणाऱ्या प्रणालींत 'सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' ही आज्ञा सेवेची स्थिती सांगते, तर 'जर्नलसीटीएल -बी' चालू आरंभापासूनच्या नोंदी दाखवते. त्या नोंदींत शेवटच्या त्रुटीपेक्षा पहिली त्रुटी शोधावी. पुढच्या अनेक त्रुटी तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात.