नॉइज कॅन्सलिंग घ्यायचंय? आधी सांगा, कुठला आवाज नकोय



"ताई, नॉइज कॅन्सलिंगवाला दाखवा." इचलकरंजीतल्या माझ्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. मी लगेच बॉक्स काढत नाही. आधी विचारते, "कुठला आवाज त्रास देतोय?" आणि मग गंमत सुरू होते. एक ताई घरून साड्या विकतात. त्यांची अडचण अशी की फोनवर गिऱ्हाइकाला त्यांच्या दारातल्या रिक्षा ऐकू येतात. दुसरा एक मुलगा घरी बसून लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो, त्याला कूलरच्या घरघरीने डोकं दुखतं. तिसरे काका मागाच्या कारखान्यात पाळी करतात, त्यांना मागाचा खडखडाट नकोय. तिघंही एकच शब्द वापरतात. पण तिघांना लागणारी वस्तू वेगळी आहे, आणि त्यातल्या फक्त एकाला खऱ्या अर्थाने नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लागतो.

तुम्ही हेडफोन विकणार असाल किंवा स्वतःच्या धंद्यासाठी विकत घेणार असाल, हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. नाहीतर विकणाऱ्याकडे तिसऱ्या दिवशी माल परत येतो, आणि घेणाऱ्याचे दोन हजार रुपये ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

आधी आत काय घडतं ते बघू. आवाज म्हणजे हवेचं ढकलणं आणि ओढणं. पंख्याची घरघर तुमच्या कानाच्या पडद्याला एकदा आत ढकलते, एकदा बाहेर ओढते, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आता तो आवाज पडद्याला आत ढकलतोय त्याच क्षणी दुसऱ्या कुणी तेवढ्याच जोराने बाहेर ओढलं तर? पडदा जागचा हलत नाही. आवाज ऐकू येत नाही. पाण्याच्या टाकीत एका लाटेचा उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खड्ड्यावर आला की पाणी क्षणभर सपाट होतं, तसंच.

हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती उलटी लाट कानात सोडतो. काही मॉडेलमध्ये कानाच्या बाजूलाही एक माइक असतो. आत नेमकं काय पोचलं, किती उरलं, हे तो तपासतो आणि चिप त्याप्रमाणे दुरुस्ती करते. दोन्ही माइक असले की बॉक्सवर 'हायब्रिड एएनसी' लिहिलेलं असतं. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. यासाठी बॅटरी लागते. एएनसी चालू ठेवलं की चार्जिंग लवकर संपतं, आणि बॉक्सवरचा मोठ्या अक्षरातला तासांचा आकडा बऱ्याचदा एएनसी बंद ठेवूनचा असतो. तो बारीक अक्षरात वाचायचा.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं वेळेत व्हावं लागतं. समजा उलटी लाट सेकंदाचा दहा हजारावा भाग उशिरा पोचली. जनरेटरसारखा १०० हर्ट्झचा जाडा आवाज असेल तर त्याची एक पूर्ण लाट सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्ण होते. त्यापुढे हा उशीर फक्त एक टक्का. काही बिघडत नाही, आवाज जवळजवळ सगळा खोडला जातो. पण शिट्टीसारखा ३००० हर्ट्झचा आवाज घ्या. त्याच्या लाटेच्या मानाने तोच उशीर जवळजवळ एक तृतीयांश होतो. म्हणजे आपण ओढायला जातो तेव्हा मूळ लाट आधीच पुढे सरकलेली असते. उशीर लाटेच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त झाला की उलटी लाट आवाज खोडायच्या ऐवजी वाढवायला लागते! म्हणून कंपन्या मुद्दामच एएनसीचं काम साधारण हजार हर्ट्झच्या खालच्या आवाजांवर ठेवतात. वरचे आवाज अडवायचे ते कुशन आणि रबरी टिपने, म्हणजे कान सरळ झाकून.

झोका देताना बघा. ठरावीक लयीत येणारा झोका कुणीही पकडून थांबवू शकतो. पण मध्येच कुणी झोक्याला धक्का दिला तर तुमचा हात चुकतोच. एएनसीला सलग, एकसुरी, जाडा आवाज आवडतो. अचानक येणारा आणि बारीक आवाज त्याच्या हातातून निसटतो.

म्हणूनच या तंत्राचं पहिलं मोठं गिऱ्हाईक विमानात सापडलं. कल्पना तशी जुनी. पाउल ल्युएग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं होतं, पण तेव्हा एवढं वेगवान इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. पुढे १९७८ मध्ये अमर बोस, म्हणजे बोस कंपनीचे संस्थापक आणि एमआयटीचे प्राध्यापक, युरोपातून अमेरिकेला विमानाने जात होते. इंजिनाच्या घरघरीत हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतलं. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले, म्हणून आपल्याला जरा जास्त कौतुक. १९८६ साली व्हॉयेजर विमानाने न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्या दोन वैमानिकांकडे या हेडसेटचे नमुने होते. बाजारात विकण्याचा हेडसेट १९८९ मध्ये आला, तोही वैमानिकांसाठी. तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांसाठीचा क्वाएट कम्फर्ट आला थेट २००० साली. गणितापासून पहिल्या विक्रीपर्यंत अकरा वर्षं, आणि सुरुवात कुणापासून? ज्याला तो एकच आवाज रोज सात-आठ तास छळतो आणि जो त्यासाठी पैसे मोजायला तयार आहे, त्याच्यापासून. बीबीएच्या पुस्तकात याला टार्गेट कस्टमर म्हणतात, पण पुस्तकापेक्षा हे उदाहरण चांगलं आहे.

तर मग आपल्याकडे हा हेडफोन कुठे कामाचा? कूलर, पंखा, एसी, फ्रिजचा कॉम्प्रेसर, बसचं इंजिन, रेल्वेची घरघर आणि डिझेल जनरेटर. आपल्याकडचा जनरेटर बहुतेक मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतो. चार सिलिंडरचं इंजिन असेल तर सेकंदाला ५० स्फोट, म्हणजे ५० हर्ट्झचा ठोका. एएनसीसाठी याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. तो जीएसटीवाला मुलगा एएनसी घालून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, लाइट गेली का?" कूलर चालूच होता.

अजून एक फायदा आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. बाहेरची घरघर कमी झाली की व्हॉल्यूम कमी ठेवून भागतं. नाहीतर बसमध्ये आपण इंजिनाशी स्पर्धा करत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. आकडा दहाने वाढला आणि वेळ दहापट घटली. दिवसभर हेडफोन लावून काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आणि कुठे उपयोग नाही? बाळाचं रडणं, कुकरची शिट्टी, हॉर्न, दार आपटणं, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा. माणसाच्या बोलण्यातला जाडा भाग कमी होतो, पण शब्द ज्यामुळे कळतात ते स, च, ट, क चे आवाज वरच्या पट्टीत असतात, ते येतातच. कित्येकदा तर मागची घरघर गेल्यामुळे गप्पा जास्त स्पष्ट ऐकू येतात. लोक म्हणतात हेडफोन खराब आहे. खराब नाही हो, त्याचं काम ते नाहीच. कमी आवाजात गाणं लावा, भागेल. आणि रस्त्यावर, गाडीवर एएनसी लावून जाऊ नका. मागून येणाऱ्या ट्रकचं इंजिन हा नेमका तो आवाज आहे जो हा हेडफोन सर्वात छान खोडतो.

आता मागावरच्या काकांचं. आमच्या गावात हा प्रश्न मोठा आहे म्हणून जरा थांबून सांगते. धोट्याचा माग म्हणजे क्षणाक्षणाला बसणारा ठोका. धोटा या टोकाला आपटतो, त्या टोकाला आपटतो, आणि असे कितीतरी माग एकाच छताखाली. हा आवाज तीक्ष्ण, तुटक आणि ९० डेसिबलच्या वर. एएनसी इथे हरतं. त्यातून एक धोका असा की त्यातली जाडी घरघर कमी झाल्यामुळे माणसाला वाटतं कान वाचले, आणि बारीक ठोके मात्र कानावर आदळत राहतात. गाण्याचे हेडफोन सुरक्षेसाठी तपासलेले नसतात. काकांना मी दुकानातलं काहीच विकलं नाही. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात पाठवलं. तिथे फोमचे इअरप्लग पन्नास रुपयांच्या आत मिळतात आणि नीट बसवले तर २० ते ३० डेसिबल कमी करतात. नीट म्हणजे प्लग बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाला चिकटवला तर काही उपयोग नाही. कान पूर्ण झाकणारे इअरमफ काही शेकड्यांत मिळतात. तुमचं फॅब्रिकेशनचं, सुतारकामाचं किंवा दगड कापण्याचं वर्कशॉप असेल तर कामगारांसाठी हा खर्च पहिल्या महिन्यातच करा. एकदा गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही.

राहिल्या साड्यावाल्या ताई. त्यांना हवंय ते ईएनसी. एका अक्षराचा फरक, पण काम पूर्ण उलटं. एएनसी तुमच्या कानासाठी, ईएनसी समोरच्याच्या कानासाठी. त्यात दोन किंवा जास्त माइक तुमचा आवाज आणि आसपासचा गोंधळ वेगळा काढतात आणि फोनवर जास्त करून तुमचाच आवाज पाठवतात. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याला हेच लागतं. रिक्षा तुम्हाला ऐकू येत राहील, गिऱ्हाइकाला कमी जाईल. एका वितरकाचा सेल्समन मला म्हणाला होता, "ताई, दोन्ही एकच, लोकांना कुठे कळतंय." मी त्याला कूलरजवळ उभं करून ईएनसीवाला बड कानात घालायला लावला. मग म्हणाला, "बरं, वेगळे बॉक्स करा."

दुकानात दाखवायची पद्धत सांगते, धंदेवाल्यांनी उचलावी. गाणं लावायचं नाही! गाणं लावलं की कुठलाही हेडफोन चांगला वाटतो. आधी बरोबर मापाची टिप बसवायची. बॉक्समध्ये लहान-मधली-मोठी अशा जोड्या येतात आणि बहुतेक लोक त्या पिशवीतून काढतसुद्धा नाहीत. फट राहिली की तिथून आवाज आत शिरतो आणि एएनसी निम्मं वाया जातं. डोक्यावरच्या हेडफोनला चष्म्याची काडी हीच फट पाडते. मग पंख्याखाली उभं करून एएनसी चालू-बंद करून दाखवायचं. मग टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "बघा, ही येणारच." शेवटी त्यांच्याच फोनवरून दुकानाबाहेर जाऊन मला कॉल करायला लावते, म्हणजे माइक कळतो. पाच मिनिटं जातात, पण यानंतर माल परत येत नाही.

बॉक्सवरच्या '५० डीबीपर्यंत' या आकड्यातला 'पर्यंत' वाचा. तो एखाद्या ठरावीक जाड्या आवाजावरचा सर्वात चांगला आकडा असतो, सगळ्या आवाजांचा नाही.

पैशाचं विचाराल तर साधे एएनसी इअरबड दीड-दोन हजारांपासून मिळतात आणि नावाजलेले मोठे हेडफोन त्याच्या कितीतरी पट महाग असतात. नवीन धंदा आहे आणि दिवसातून तीस-चाळीस कॉल करता? चांगल्या माइकचा ईएनसी हेडसेट घ्या, एएनसीला जास्त पैसे देऊ नका. एका जागी बसून हिशेब, डिझाइन किंवा एडिटिंग करता आणि खोलीत घरघर आहे? मग एएनसी घ्या, पण व्हिडिओचा आवाज शेवटचा तपासताना ते बंद करा, कारण काही हेडफोनचा सूर एएनसी चालू केल्यावर बदलतो. आठवड्यातून एकदा पुण्याला बसने माल आणायला जाता, तेवढ्यासाठी? मी तरी घेणार नाही. आणि काहींना एएनसी चालू केलं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं, गाडी घाट चढताना होतं तसं. त्यांनी घालून बघितल्याशिवाय ऑनलाइन मागवू नये.

येत्या व्हिडिओत एकाच कूलरजवळ तीन किमतींचे बड आणि एक पन्नास रुपयांच्या आतला फोमचा प्लग शेजारी-शेजारी लावून दाखवणार आहे. कुठल्या किमतीचे बघायचेत ते कळवा.