हृदयरोग्याची शुश्रूषा: सहा गैरसमज

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर राहा की घाटाखाली, अँजिओप्लास्टीसाठी अनेकांना अकोल्याची नाहीतर छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. पण त्याआधीचे तास जवळच्या रुग्णालयात जातात आणि नंतरचे महिने घरी. त्या काळात पेशंटवर लक्ष ठेवायचं असतं सिस्टरनं आणि नातेवाइकांनी. नेमकं तिथंच गैरसमज नडतात.

गैरसमज १: ‘गॅस झालाय, ओवा खाल्ला की उतरेल.’
वस्तुस्थिती: छातीच्या मधोमध दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं असू शकतात. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायकांमध्ये कधी छाती दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी १०८ ला फोन करा. पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. वाटेत हृदय बंद पडलं तर काहीच करता येत नाही.

गैरसमज २: ‘ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे काळजी मिटली.’
वस्तुस्थिती: ईसीजीच्या कागदावर हृदयाचे जेमतेम दहा सेकंद उमटतात. झटक्याच्या सुरुवातीला तो नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून सिस्टर तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन या हृदयाच्या रक्तचाचणीसाठी काही तासांनी परत रक्त घेतात. ते बिल वाढवण्यासाठी नसतं. धडधड अधूनमधून होत असेल, तर २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावावं लागतं.

गैरसमज ३: ‘मॉनिटरवर रेष सरळ झाली की शॉक देतात.’
वस्तुस्थिती: कित्येकदा घामानं छातीवरची चिकटपट्टी सुटलेली असते. त्यामुळे जाणती सिस्टर मॉनिटरआधी पेशंटकडे बघते, मानेजवळची नाडी चाचपते. रेष खरोखरच सरळ असेल तर शॉकचा उपयोग नाही. तिथं छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनलिन लागतं. हृदय नुसतं थरथरत असेल, तेव्हा शॉक हवा. त्यात छाती दाबली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून डॉक्टर पोहोचेपर्यंत सिस्टर थांबत नाहीत.

गैरसमज ४: ‘गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं, आता पुढं कशाला न्यायचं?’
वस्तुस्थिती: या इंजेक्शननंतर बीपी घसरू शकतं, ठोके बिघडू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो. सिस्टर थोड्या थोड्या वेळानं बीपी घेतात, हिरड्या आणि लघवीचा रंग बघतात. एकाएकी डोकं ठणकलं किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच त्यांना सांगा. रक्तवाहिनी उघडली तरी अँजिओग्राफी साधारण २४ तासांच्या आत व्हावी लागते.

गैरसमज ५: ‘नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणली की झालं.’
वस्तुस्थिती: ठोके अनियमित असतील तर हा हिशेब फसतो, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. प्रत्येक ठोका हातापर्यंत पोहोचतो का, हे बघण्यासाठी एक सिस्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवते, दुसरी मनगट धरते, आणि दोघी एकाच घड्याळावर मोजतात. छातीवर ११० आणि मनगटाशी ८४ भरले, तर २६ ठोके हातापर्यंत पोहोचलेच नाहीत. ठोके मंदावणाऱ्या डिगॉक्सिनच्या गोळीआधीही ठोके मोजतात. ते ६० च्या खाली असतील, तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारतात.

गैरसमज ६: ‘स्टेंट बसला, बरं वाटतंय, गोळ्या बंद.’
वस्तुस्थिती: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं सोडल्या, तर स्टेंटमध्येच गाठ होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

सुट्टी होताना सिस्टरकडून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या आणि शेवटचा ईसीजी फाईलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी छाती दुखली, तर नवा ईसीजी त्याच्याशी ताडून डॉक्टरांना निर्णय लवकर घेता येतो.