लग्नाची नखं: काय खरं, काय ऐकीव?

तुळशीचं लग्न लागलं की हिंगणघाट तालुक्यात दोन हंगाम एकदमच भरात येतात, कापसाच्या वेचणीचा आणि लग्नाचा. अल्लीपूरसारख्या कापसाच्या गावातही नवरीला आता मेंदीच्या जोडीला लांब नखं हवी असतात. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘नखं सडतील.’ मैत्रिणी म्हणतात, ‘काही होत नाही.’ दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. टिप म्हणजे नखाच्या टोकाला ग्लूनं चिकटवायचा प्लॅस्टिकचा तुकडा. लांबी त्यानं वाढते. रॅप म्हणजे रेशीम, लिनन किंवा फायबरग्लासच्या विरळ कापडाची पट्टी. ती नखावर बसवून वरून रेझिन देतात. रॅपचं काम आधार देण्याचं: टिपेचा जोड पक्का करणं किंवा चिरलेलं नख सांधणं.

गैरसमज १: नख झाकलं की त्याचा श्वास कोंडतो.

वस्तुस्थिती: नख श्वास घेतच नाही. आपल्याला दिसतं ते केराटिनचं मृत कवच. ते तयार होतं कातडीखालच्या मुळाशी, आणि त्या मुळाला प्राणवायू व पोषण रक्तातून मिळतं. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२पासून डाव्या हाताची नखं वाढवली आणि २०१८मध्ये न्यूयॉर्कला ती कापून घेतली. तोवर पाच नखांची एकूण लांबी नऊ मीटरच्या वर गेली होती. त्या सगळ्या लांबीत जिवंत असं काहीच नव्हतं. जिवंत होतं ते मूळ. म्हणून जपायचं ते मुळाला आणि भोवतालच्या कातडीला.

गैरसमज २: टिपेमुळे नख पातळ होतं.

वस्तुस्थिती: नख पातळ होतं ते घासण्यानं आणि ओरबाडण्यानं. टिप बसवण्याआधी नखावरची चकाकी तेवढी हलक्या हातानं घालवायची असते. खोल घासलं, विशेषतः मशीननं, की नखाचे थरच निघतात. घासताना चटका बसला किंवा दुखलं, तर तिथेच थांबवायला सांगा. काढतानाही ओढून उपटली तर टिपेबरोबर खऱ्या नखाचा पापुद्रा येतो. ग्लूनं लावलेली टिप अॅसिटोनमध्ये भिजवून, मऊ पडल्यावर सरकवून काढतात. अॅसिटोन चटकन पेट घेतं, त्यामुळे हे काम चुलीपासून, गॅसपासून आणि दिव्यापासून लांबच करावं. एकदा पातळ झालेलं नख औषध लावून जाड होत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात.

गैरसमज ३: ग्लू जास्त घातला की टिप पक्की बसते.

वस्तुस्थिती: हा ग्लू सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो. हवेतल्या आणि नखावरच्या किंचित ओलाव्यानं तो घट्ट होतो, म्हणून पातळ थरच चांगला धरतो. जाड थर आतून उशिरा वाळतो आणि कडेनं कातडीवर उतरतो. कापसाच्या मुलखात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा ग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की तो झपाट्यानं घट्ट होतो आणि एवढा तापतो की कातडी भाजू शकते. सांडलेला ग्लू कापसाच्या बोळ्यानं पुसू नका. सुती ओढणीवर किंवा साडीवर पडला तर कापड लगेच अंगापासून दूर धरा. चटका बसलाच तर त्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडा. चिकटलेलं कापड ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज ४: टिपेखाली हिरवं दिसलं म्हणजे बुरशी.

वस्तुस्थिती: तो हिरवट डाग बहुतेक वेळा ‘स्यूडोमोनास’ या जिवाणूचा असतो. टिप एका कडेनं सुटली की फटीत पाणी साचतं आणि तिथे तो वाढतो. लांब टिप पऱ्हाटीच्या बोंडात अडकली किंवा भांडी घासताना आपटली, की तरफेसारखा सगळा जोर जोडावर येतो आणि फट पडते. सुटलेली कड वरून ग्लू टाकून बंद केली तर ओलावा आतच कोंडतो. टिप काढून टाकणं, नख कोरडं ठेवणं आणि डाग राहिला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं, हाच क्रम बरोबर.

गैरसमज ५: सुरुवातीला खाज येते, मग सवय होते.

वस्तुस्थिती: नेमकं उलट होतं. अॅक्रिलेट रसायनांची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि दर खेपेला वाढू शकते. बोटं, मान किंवा चक्क पापण्या खाजल्या तरी कारण नखात असू शकतं. दात भरायच्या साहित्यातही याच कुळातली रसायनं असतात, म्हणून अशी अॅलर्जी असेल तर दंतवैद्याला आधी सांगावं. मिथाइल मेथाक्रिलेट या कडक रसायनाच्या नखांमुळे इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७०च्या दशकातच त्याविरुद्ध कारवाई केली होती. लेबल नसलेली, उग्र वासाची बाटली पाहिली की नको म्हणा.

गैरसमज ६: दवाखान्यात नखांचा काय संबंध?

वस्तुस्थिती: रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाला लावतात. गडद रंग किंवा जाड नकली नख असलं की त्याचा आकडा चुकू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी ती काढायला सांगतात. रुग्णांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नकली नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे; अशा नखांखाली जंतू हात धुतल्यावरही टिकून राहतात.

लग्नासाठी टिप लावायचीच असेल तर मेंदी आणि हळद आधी उरकून घ्या. हळदीनं टिप पिवळी पडते आणि तेलकट नखावर ग्लू धरत नाही. टिपेनं निम्म्याहून जास्त नख झाकू देऊ नका, लांबी बेताची ठेवा. आणि पार्लरमध्ये बसण्याआधी दोन प्रश्न विचारा: नख कशानं घासणार, आणि टिप कशी काढणार? दुसऱ्याचं उत्तर ‘ओढली की निघते’ असं आलं, तर दुसरं पार्लर शोधा.