रानडुकराचा राग आणि भेकराचा जीव

दिवाळीच्या आसपास पेठ तालुक्यात भात पिवळा पडतो, नागलीची कणसं भरतात आणि रात्री रानडुकरं वावरात उतरतात. कळप शिरला की एका रात्रीत उभं पीक आडवं होतं. करंजाळी, कोहोर, जोगमोडी, कुठेही जा, डोंगरउताराच्या शेतीची हीच कथा. ज्याचं वर्षाचं धान्य गेलं त्याचा संताप समजण्यासारखा आहे. अडचण पुढे सुरू होते. कोणी म्हणतं, परवाना काढा. कोणी म्हणतं, आपल्याला परवाना लागतच नाही. ऐकीव माहितीच्या जोरावर कुंपणाच्या फटीत तारेचा फास लागतो. डुक्कर सुटतं, भेकर अडकतं आणि शेतकरी गुन्ह्यात सापडतो.

गैरसमज: शिकारीचा परवाना पूर्वी मिळायचा, वर ओळख असेल तर आजही मिळतो.

पूर्वी मिळायचा हे खरं. मुंबई राज्यात वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा 1951 साली झाला, त्यात परवान्यांची सोय होती. 1972 चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि प्राणी पकडण्याचा असे वेगवेगळे परवाने शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीने ते सगळे बंद केले. हौसेसाठी किंवा मटणासाठी शिकारीचा परवाना तेव्हापासून भारतात कोणालाच मिळत नाही. ओळख कितीही वरची असो, जी तरतूदच कायद्यात नाही ती कोणी देऊ शकत नाही.

शिवाय कायद्याच्या लेखी ठार मारणं तेवढीच शिकार नव्हे. फास लावणं, वाघूर म्हणजे जाळं टाकणं, हाका करून जनावर हुसकणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारीत मोडतं. फासात काही सापडलं नाही म्हणून गुन्हा टळत नाही. बंदुकीचंही तेच. पीक राखण्यासाठी मिळालेला ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली असतो. तो बंदूक बाळगायची परवानगी देतो, जनावर टिपायची नाही.

गैरसमज: आदिवासींना शिकारीची कायदेशीर मुभा आहे.

पेठ हा कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा तालुका, त्यामुळे हा समज इथे सर्वांत घट्ट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जमीन, गौण वनोपज, चराई, पाणी यांवरचे हक्क दिले. इतर पारंपरिक हक्कही त्याने मान्य केले, पण त्याच कलमात, 3(1)(ठ) मध्ये, शिकार करणं, सापळा लावणं आणि प्राण्याच्या शरीराचा भाग काढणं हे स्पष्ट शब्दांत वगळलं. वन्यजीव कायद्यात जमातींच्या शिकारहक्कासाठी जे कलम राखून ठेवलेलं आहे ते निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींपुरतं. सह्याद्रीतल्या कोणत्याही जमातीला ते लागू होत नाही.

ही गोष्ट गावोगाव नीट सांगितली जात नाही याची मला चीड येते. शहरातून गाडी घेऊन आलेला हौशी बंदूकवाला बऱ्याचदा निसटतो. त्याला वाट दाखवणारा, हाक्यात उभा राहणारा पोरगा मात्र आरोपी होतो. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, म्हणजे बिबट्या किंवा चौसिंगा, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. फासात कोण अडकलं यावर शिक्षा ठरते, आणि फास लावणाऱ्याला ते आधी ठरवता येत नाही.

गैरसमज: रानडुक्कर मारायला सरकारने मोकळीक दिली आहे.

अर्धी माहिती सर्वांत घातक असते, ती ही. कायद्याच्या कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी मारण्याची परवानगी देता येते. ती अधिकाऱ्याने कारणं नोंदवून लेखी द्यायची असते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धत घालून दिली. त्यासाठी आधी अर्ज, मग लेखी परवानगी, आणि तीही नेमक्या प्राण्यापुरती. त्या कागदावर ससा बसत नाही, भेकर बसत नाही. मेलेलं डुक्करही आपलं होत नाही, कलम 39 प्रमाणे ते सरकारी मालमत्ता ठरतं. मटण वाटून घेतलं की परवानगी असूनही दुसरा गुन्हा उभा राहतो.

बिहारमध्ये 2015 साली आणि उत्तराखंडात 2016 साली काही जिल्ह्यांपुरतं, ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी प्राणी घोषित केलं होतं. ते केंद्र सरकारने कलम 62 खाली केलं होतं. त्या बातम्या वाचून आपल्याकडे परवानगी गृहीत धरणं चुकीचं आहे.

गैरसमज: डुकरं एवढी वाढली म्हणजे रान जनावरांनी भरलेलं आहे.

माझ्या मते मुळातली चूक इथे आहे. रानडुकराची मादी चार महिन्यांच्या गाभणकाळानंतर एका वेळी चार-सहा पिल्लं देते. ती पिल्लंही लवकर वयात येतात. शिवाय डुकराला कंद, किडे, नागली, भुईमूग, काहीही चालतं. भेकराची गोष्ट वेगळी. गाभण काळ सुमारे सात महिने आणि पिल्लू बहुधा एकच. चौसिंग्याचा गाभण काळ आठ महिन्यांच्या जवळपास, पिल्लं एक किंवा दोन. हा चौसिंगा जगात फक्त भारतात आणि नेपाळात आहे, आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो असुरक्षित गटात मोडतो. म्हणजे एकाच पायवाटेवर लावलेल्या फासात दहा डुकरं मेली तरी कळप दोन वर्षांत पूर्ववत होतो, पण दोन भेकरं गेली तर त्या ओहोळात पुढची कित्येक वर्षं भेकराचा आवाज येत नाही.

तो फास एकदा जवळून पाहावा. बहुधा दुचाकीच्या क्लचची तार असते, एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक झुडपाच्या बुंध्याला. जनावर पुढे रेटतं तसा वेढा आवळतो. पाय सुटला तरी तार मांसात रुतून राहते आणि जनावर आठवडाभर लंगडत मरतं. डुकराला अंगाच्या ताकदीने तार तोडता येते. भेकराला ते जमत नाही.

गैरसमज: बिबट्या गावात येतो कारण आम्ही जंगलातलं त्याचं भक्ष्य संपवलं.

यात थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. खाण्यातला सुमारे 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा होता. बिबट्या शेतातच जन्मतो, वाढतो, कुत्र्यांवर जगतो. पेठमध्ये भेकर वाचवलं की बिबट्या येणं थांबेल असं सांगणं म्हणजे लोकांना खोटी आशा देणं. भेकर वाचवायचं ते भेकरासाठी आणि रानासाठी.

गैरसमज: अमेरिकेत परवाने देतात, तिथे जनावरं टिकलीच ना?

तिथल्या मूस या घोड्याहून उंच हरणाचं उदाहरण बघा. हिवाळ्यात बर्फावरून उडत गणना होते, भागवार संख्या ठरते आणि मग सोडतीने परवाने निघतात. मिनेसोटा राज्यात 2006 च्या सुमारास 8,840 मूस होते, 2013 मध्ये ते 2,760 वर आले. त्याच वर्षी राज्याने मूसची शिकार बंद केली. कमी होण्यामागे गोचीड, मेंदूत शिरणारी अळी, यकृतातले जंत अशी कारणं होती, एकट्या शिकारीला दोष देता येत नव्हता. मेन राज्यात 2021 पासून एका भागात उलट प्रयोग सुरू झाला. गोचिडांचा जोर कमी व्हावा म्हणून मुद्दाम जादा परवाने दिले. दोन्ही निर्णय उलट दिशेचे, पण दोन्हींच्या मागे वर्षानुवर्षांचे आकडे होते.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजतात. त्या रात्री किती दिसली हे त्यातून कळतं, रानात किती आहेत हे कळत नाही. त्यावर कोटा ठरवता येत नाही.

मग शेतकऱ्याने करायचं काय? पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार करायची, म्हणजे पंचनामा होतो. 1926 हा वनविभागाचा मदतक्रमांक आहे. पैसे उशिरा येतात, कमी येतात, ही तक्रार रास्त आहे आणि ती ग्रामसभेने ठरावाने वर पाठवली पाहिजे. त्याच ग्रामसभेला वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. ज्या गावाकडे सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेला आहे त्याला आपल्या हद्दीत फास आणि वाघूर बंद करण्याचा ठराव आजच करता येतो. त्यासाठी कोणत्याही साहेबाची परवानगी लागत नाही.