द्विनाविक शिडनौका-शर्यत

शिडाच्या छोट्या नौकेतून दोनच नाविकांनी महासागर ओलांडण्याची स्पर्धा. नौकेची लांबी साधारणतः १० ते २० मी. असते. शर्यत सुरू झाल्यावर पुढे जाण्यासाठी इंजिन वापरता येत नाही; विद्युत् घट भारित करण्यापुरतेच ते चालवितात. १९६६ मध्ये ब्रिटिश बेटांभोवती झालेली शर्यत ही या प्रकारची आद्य शर्यत मानली जाते. १९७० मध्ये ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन व लेस्ली विल्यम्स यांनी जिंकली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्यापूर्वी, १९६८–६९ मध्ये, ज्या ‘सुहेली’ नौकेतून एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेली होती. पुढे मेलबर्न–ओसाका (१९८७) यांसारख्या शर्यती सुरू झाल्या. बार्सेलोनाहून निघून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची द्विनाविक शर्यत प्रथम २००७–०८ मध्ये झाली व झां-पिएर डिक आणि डेमियन फॉक्सल या जोडीने ती सु. ९२ दिवसांत जिंकली.

भारतातील या जीवनाचे सर्वांत जवळचे उदाहरण शर्यतीचे नसून प्रदक्षिणेचे आहे. भारतीय नौदलातील लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोन महिला अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ या सु. १७ मी. लांबीच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन ही चार बंदरे घेऊन सु. २५,४०० सागरी मैलांच्या प्रवासानंतर त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून केलेल्या एकट्याच्या प्रदक्षिणेतही हीच चार बंदरे होती. दोन्ही नौका मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या गेल्या.

नौकेत माणसे दोन असली, तरी कामावर बहुधा एकच असतो. तीन-चार तासांच्या पाळ्या आळीपाळीने चालतात. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपतो. त्यामुळे एकाच छपराखाली राहूनही दोघांची भेट मुख्यतः पाळी बदलताना होते. वाऱ्याची दिशा, उभारलेली शिडे, दिसलेली जहाजे एवढे सांगून झाले की पहिला आत जातो. सुकाणू बराच वेळ स्वयंचलित यंत्र किंवा वाऱ्यावर चालणारा पंखा सांभाळतो. तथापि क्षितिजावर दिसू लागलेले मोठे जहाज सु. वीस मिनिटांत नौकेजवळ येऊ शकते, म्हणून पाळीवाल्याला डोळा लागू देता येत नाही.

या सहजीवनातील खरा पेच जोडीदाराला केव्हा उठवावे हा होय. वारा वाढत असताना मोठे शीड वेळीच आखडले, तर काम एकट्याने उरकते; उशीर झाला तर दोघेही लागतात आणि झोपलेल्याची विश्रांती बुडते. वारंवार उठविले, तर पुढच्या पाळीवर थकलेला माणूस येतो व थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. शर्यतीत शीड आखडणे म्हणजे वेग गमावणे, म्हणून हा निर्णय पुढे ढकलण्याचा मोह अधिक. पाण्याइतकाच झोपेचाही साठा मोजून वापरावा लागतो, हे अनुभवी नाविक जाणून असतात.

सर्वांत मोठे भय पाण्यात पडण्याचे. जोडीदार झोपेत असतो आणि नौका पुढे जात राहते. म्हणून बाहेर येण्यापूर्वीच अंगावरच्या पट्ट्याचा दोर नौकेला अडकविण्याची शिस्त पाळतात; रात्री तर तिला अपवाद नाही.

आतील जागा अरुंद व नेहमी दमट असते. नौका एका अंगावर कलून चालते, त्यामुळे झोपणारा घरंगळू नये म्हणून फळीच्या कडेला कापड ताणून बांधतात आणि शेगडी झुलत्या चौकटीत बसवितात. अन्न बहुधा सुके, गरम पाणी घालून खाण्याजोगे असते. ओले कपडे वाळविणे थंड अक्षांशांत जवळजवळ अशक्य होते.

कोकणच्या जुन्या किनारी नौकानयनाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. वेळणेश्वर, जयगड या पट्ट्यातील गलबतांवर तांडेलाच्या हाताखाली अनेक खलाशी असत. वारा बिघडला तर जयगडच्या खाडीत आसरा मिळे आणि पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद राही. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांपलीकडे पश्चिमी वाऱ्यांना असा खंड नाही व आसऱ्याला खाडीही नाही. ‘तारिणी’ला वाटेत तासी ९३ किमी.पर्यंतच्या वाऱ्यांना तोंड द्यावे लागले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस ती पॅसिफिकमधील पॉइंट नीमो या स्थानावरून गेली. तेथून सर्वांत जवळची जमीनही सु. २,६८८ किमी. दूर आहे. तेथे दोघींनी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी पाण्याचे नमुने घेतले आणि नौका हॉर्न भूशिराच्या दिशेने पुढे निघाली.