संमतीची सही

रुग्णाच्या हक्कांचा विषय रुग्णालयात निघाला की तो ऐकणारांच्या मनात एकच अर्थ उमटत नाही. जमिनीवरही गाद्या अंथराव्या लागतात अशा वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा शिकाऊ डॉक्टराला तो तक्रारीचा पूर्वरंग वाटतो. खाटेवरील माणसाला मात्र हक्क म्हणजे पुष्कळदा एवढेच वाटते, की आपल्याला काय झाले आहे ते कोणीतरी आपल्याशी दोन शब्द बोलून सांगावे. अधिक मागण्याचे धैर्य त्याला होत नाही. 'डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा,' हे त्याचे उद्गार विश्वासाचे असतात, तसेच ते भीतीचेही असतात.

ही दोन मने जेथे समोरासमोर येतात, ते स्थळ म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचा संमतीचा कागद. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो भरून घ्यावयाचा एक नमुना. पुढे काही वाद उद्‌भवलाच तर उपयोगी पडणारे चिलखत. रुग्णाची समजूत तर याहून चमत्कारिक असते. 'बरेवाईट झाले तर इस्पितळ जबाबदार नाही, असे लिहून घेतात,' असे तो मानतो आणि न वाचताच सही करतो किंवा अंगठा उठवतो. वास्तविक त्या कागदाचे प्रयोजन अगदी निराळे आहे. आपल्या देहाचे काय व्हावे, हे ज्याचे त्याने समजून उमजून ठरवावे, एवढ्यासाठी तो असतो.

दिल्लीतील एका प्रकरणाने ही गोष्ट लख्ख केली. १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री अतिरिक्त रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. पोटात दुर्बीण घालून तपासणी करण्यास तिने लेखी संमती दिली. ती भुलीखाली असताना सहायक बाहेर आली, तिने तिच्या वृद्ध आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की रोग लक्षात घेता हाच योग्य उपाय होता आणि रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेचा त्रास व खर्च वाचावा, हाच हेतू होता. कोणाही सहृदय कर्मचाऱ्याला हे पटण्याजोगे आहे. आणि खुद्द न्यायालयानेही त्यांच्या सद्‌हेतूवर संशय घेतला नाही.

तरीही २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय रुग्णाच्या बाजूने दिला. प्राण वाचविण्यासाठी तत्काळ करावे लागेल असे काही नव्हते. रुग्ण सज्ञान होती आणि काही वेळाने शुद्धीवर येणार होती. तेव्हा तिच्या वतीने आईने 'हो' म्हणणे हे संमती या शब्दास पात्र नव्हते. डॉक्टरांचे शुल्क नाकारण्यात आले व २५,००० रुपयांची भरपाई ठरली. रक्कम अल्पच म्हणावयाची. पण तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, हे तत्त्व पक्के झाले.

आपल्याकडे खरी अडचण येथेच आहे. घरातील कर्ता पुरुष बाहेर बाकावर बसून निर्णय घेतो, आणि कर्करोगासारखे नाव तर रुग्णाच्या कानी पडू नये म्हणून सारे कुटुंब झटते. डॉक्टरही नातेवाइकांशीच बोलतात; ते सोपे असते. यात माया असते हे खरे, परंतु ज्याचे दुखणे आहे तोच या साऱ्या चर्चेत परका राहतो.

नियम मात्र पुष्कळ आहेत. रुग्णाने मागितलेले कागदपत्र ७२ तासांच्या आत द्यावेत, असे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या सनदेच्या मसुद्यात १७ हक्क नमूद आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा त्यांपैकीच एक. तरीही दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणारी माणसे पहिल्यांना ते कळू देत नाहीत. फाइल पिशवीत घालून, गावी जाऊन येतो असे सांगून ती निघतात.