'सिन्स' आणि 'पासून' : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ व मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना :
मराठी माध्यमातून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यास इंग्रजीत स्वतःविषयी चार वाक्ये बोलावयास सांगितली, तर 'आय ॲम हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या घडणीचे वाक्य हमखास ऐकू येते. 'सिन्स' आरंभबिंदूबरोबर व 'फॉर' कालावधीबरोबर योजावा, हा नियम त्याने शाळेतच पाठ केलेला असतो. नियम ठाऊक असूनही चूक का टिकून राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चुकीचे मूळ विस्मरणात नसून मराठीच्या 'पासून' या शब्दयोगी अव्ययात आणि मराठीच्या वर्तमानकाळात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'पासून'ची व्याप्ती :
'पासून'चे क्षेत्र फार विस्तृत आहे. 'सोमवारपासून', 'तीन दिवसांपासून', 'पुण्यापासून', 'दुधापासून दही', 'माझ्यापासून लपवू नकोस' या सर्व ठिकाणी मराठीला हा एकच शब्द पुरतो. इंग्रजी 'सिन्स' यांपैकी केवळ पहिल्या प्रयोगाशी जुळतो. आरंभबिंदू व कालावधी असा भेद 'पासून' करीतच नाही. त्यामुळे शब्दकोशात 'सिन्स म्हणजे पासून' असे वाचणारा विद्यार्थी 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो, तेव्हा तो आपल्या भाषेच्या तर्काशी प्रामाणिकच असतो. जर्मन भाषेतील 'झाइट' हा शब्दही बिंदू व कालावधी दोहोंबरोबर येतो आणि जर्मन विद्यार्थीही इंग्रजीत हीच चूक करतात. तेव्हा हा ग्रामीण विद्यार्थ्याच्या बुद्धीचा दोष मानण्याचे कारण नाही.

दुसरा भाग काळाचा आहे व तो अधिक महत्त्वाचा आहे. 'मी २०१९ पासून येथे शिकवतो' या मराठी वाक्यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी इंग्रजीस मात्र पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'आय हॅव बीन टीचिंग हिअर सिन्स २०१९'. आता वर्गात काय घडते? विद्यार्थी चुकतो, शिक्षक 'सिन्स' खोडून 'फॉर' लिहितात आणि वाक्य होते 'आय ॲम हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. नियमाचे समाधान झाले, पण अर्थ पालटला. इंग्रजी ऐकणारा यातून 'माझा येथील मुक्काम पाच वर्षांचा आहे' असा अर्थ घेईल. मूळ चुकीच्या वाक्याने निदान आशय पोहोचत होता. अर्धवट दुरुस्तीने तोही हरवला. नोकरीच्या मुलाखतीत अनुभव सांगताना हा फरक किरकोळ राहत नाही.

नियमाची नेहमीची मांडणीही अपुरी आहे. 'इट इज फाइव्ह इयर्स सिन्स आय केम हिअर' या शुद्ध वाक्यात कालावधी व 'सिन्स' एकत्र दिसल्याने विद्यार्थी गोंधळतो. वास्तविक येथे 'सिन्स'च्या पुढे 'येणे' हा आरंभबिंदूच आहे. 'मी येथे आलो त्याला पाच वर्षे झाली' ही आपली रचना याच्या अगदी जवळची आहे; अध्यापनात तिचा उपयोग होताना क्वचितच दिसतो.

कारणवाचक 'सिन्स' :
'सिन्स'चा 'ज्याअर्थी' हा अर्थ विद्यार्थ्यास स्वतंत्र शब्दासारखा वाटतो. जुन्या इंग्रजीतील 'त्यानंतर' या अर्थाच्या शब्दापासून 'सिन्स' आला आणि 'त्यानंतर' मधूनच पुढे 'त्या कारणाने' हा अर्थ निघाला. मराठीस हा प्रवास अपरिचित नाही. 'पाऊस पडतो आहे, तेव्हा आज निघू नका' यातील 'तेव्हा' कालवाचक कुठे राहिला आहे? मात्र 'व्हाय' या प्रश्नाचे उत्तर 'बिकॉज'ने सुरू होते, 'सिन्स'ने नव्हे. ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक असलेले कारण 'सिन्स' सांगतो. 'सिन्स शी लेफ्ट, ही हॅज बीन इल' या वाक्यात ती गेल्यापासून की ती गेली म्हणून, हे उलगडत नाही. अशा संदिग्धतेमुळेच अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैलीपुस्तिका 'सिन्स' कालवाचक अर्थापुरताच ठेवण्याचा सल्ला देते. इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकांनाही तो उपयुक्त आहे.

अध्यापनाविषयी :
'सिन्स किंवा फॉर योजून रिकाम्या जागा भरा' या प्रश्नात क्रियापद आधीच तयार करून दिलेले असते. विद्यार्थी पुढील शब्द पाहून योग्य अव्यय निवडतो, पूर्ण गुण मिळवतो आणि बोलताना पुन्हा 'आय ॲम'नेच सुरुवात करतो. त्याऐवजी क्रियापदाचीही जागा रिकामी ठेवावी, अथवा 'आजी आठवड्यापासून आजारी आहे', 'मी तिला लहानपणापासून ओळखतो' अशी घरातली वाक्ये देऊन प्रथम क्रियापदाचा काळ व त्यानंतरच अव्यय ठरवावयास सांगावे. पहिल्या वाक्यातील 'आठवड्यापासून' म्हणजे बिंदू की कालावधी, यावर वर्गात थोडा वाद झाला तर तो होऊ द्यावा.